कालानाग पहिल्यांदा करताय? मग हिशोब वरून खाली मांडा

सह्याद्रीत चार-पाच वर्षं पायपीट झाली, हिमालयात एकदोन पास (खिंडी) ओलांडून झाले की कधीतरी असं होतं, वाट चालता चालता शेजारचं शिखर दिसतं आणि मन तिथंच अडकून बसतं. माझं उत्तराखंडमधल्या बाली पासच्या ट्रेकला तसंच झालं. रुइनसारा तलावाच्या काठी चहा पीत बसले होते, एका बाजूला स्वर्गारोहिणी आणि खोऱ्याच्या आत काळ्या कातळाचं, वर बर्फ घेतलेलं, फणा काढल्यासारखं एक शिखर. कालानाग. ब्लॅक पीक पण म्हणतात. उंची ६३८७ मीटर, बंदरपूंछ रांगेतलं सगळ्यात उंच, म्हणजे ज्याच्या नावाने रांग ओळखली जाते त्या बंदरपूंछपेक्षाही (६३१६ मीटर) उंच. १९५५ साली जॅक गिब्सन आणि त्यांच्या डून स्कूलच्या टीमने पहिल्यांदा चढाई केली. बाली पासच्या त्या ट्रेकनंतर मी दोनदा गेले, पहिल्यांदा वरून परत फिरले, दुसऱ्यांदा टॉप झाला, आणि तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतच असतं की कसं करायचं, कुठून सुरुवात करायची. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे शिखर टेक्निकली फार भयंकर नाही, पण लांब आहे. समिट कॅम्पपासून, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या मुक्कामापासून, गाडीरस्ता धडधाकट माणसाला तीन दिवसांवर आहे. पाय मुरगळलेल्या माणसाला किती दिवसांवर ते तुम्हीच मोजा. त्यामुळे ट्रेकला आपण जसा खालून वर प्लॅन करतो, आज इथे, उद्या तिथे, परवा टॉप, तसा इथे करायचा नाही. प्रत्येक टप्प्यावर विचारायचं की इथे काही बिघडलं तर खाली कसं जायचं, कोण नेणार, किती तासात. उत्तर मिळालं तरच पुढे. सामान, जेवण, वेळ, माणसं, सगळं याच प्रश्नावर ठरतं.

आधी शिकून या

बेसिक माउंटेनियरिंग कोर्स केल्याशिवाय जाऊ नका असं मी सरळ सांगते. उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग, १९६५ पासून आहे), दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, १९५४), मनाली आणि पहलगामच्या सरकारी संस्था, कुठूनही करा. साधारण चार आठवडे लागतात, सुट्टी काढायला जीव जातो, सीट मिळवायला बराच आधी फॉर्म भरावा लागतो, तरी करा. लोक म्हणतात एजन्सीसोबत जाणार आहोत, गाईड बेस कॅम्पला दोन दिवस ट्रेनिंग देतो की. दोन दिवसात क्रॅम्पॉन (बुटाखालचे धातूचे काटे) बांधायला शिकाल, घसरल्यावर आइस ॲक्सने (बर्फातल्या कुऱ्हाडीने) स्वतःला थांबवायला नाही शिकणार. ते थांबवणं विचार करून होत नाही, शरीराने आपोआप करायला लागतं. घसरल्यावर पहिल्या दोन सेकंदात थांबलात तर थांबलात, नंतर वेग इतका वाढतो की ॲक्स हातातून हिसकली जाते. कोर्समध्ये आमच्याकडून पोटावर, पाठीवर, डोकं खाली पाय वर, असं उतारावरून सोडून सोडून शेकडो वेळा करून घेतलं होतं. तेव्हा कंटाळा यायचा, आता नाही येत.

सहा महिने आधीपासून शरीर

जिमपेक्षा डोंगर चांगला, डोंगर नसेल तर जिने. आठवड्यातून चार दिवस तासभर चाल किंवा सावकाश धाव, इतक्या वेगाने की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हा वेग सगळ्यांना अपमान वाटतो, पण लांब पल्ल्याचा दम याच वेगात तयार होतो. आठवड्यातून एक मोठा दिवस पाठीवर वजन घेऊन, आठ किलोपासून सुरू करून पंधरापर्यंत न्या. कळसूबाई जवळ असणाऱ्यांना माझी साधी परीक्षा आहे, बारा किलो पाठीवर घेऊन वर, खाली, आणि न थांबता परत वर-खाली. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या रडत नसतील तर तुम्ही तयार.

उतरण्याची तयारी कुणी करत नाही आणि अपघात बहुतेक उतरतानाच होतात. थकलेल्या मांडीला उतारावर ब्रेक लावता येत नाही, मग पाऊल लांब पडतं, मग क्रॅम्पॉन दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो, आणि पुढचं सांगायला नको. म्हणून वजन घेऊन उतरायची सवय करा.

परवानगी आणि कागद

शिखर चढायचं म्हणजे दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची, म्हणजे आयएमएफची परवानगी लागते. शिवाय वाट गोविंद राष्ट्रीय उद्यानातून जाते, तिथली वनखात्याची परवानगी वेगळी. एजन्सी काढते म्हणाली तरी कागदाची कॉपी स्वतः बघा, त्यावर शिखराचं नाव आणि तुमचं नाव आहे का ते वाचा, ट्रेकच्या परमिटवर शिखर चढवणारे भेटतात आणि मग काही झालं तर इन्शुरन्सपासून रेस्क्यूपर्यंत सगळंच लटकतं. इन्शुरन्स घेताना पण उंचीची मर्यादा वाचा, नेहमीच्या ट्रेकिंग पॉलिसीत ६००० मीटरच्या वरची, रोप (दोर) वापरून केलेली चढाई बसेलच असं नाही.

सॅटेलाईट फोन किंवा सॅटेलाईट मेसेंजर परदेशातून मागवून बॅगेत टाकायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, भारतात सरकारी परवानगीशिवाय ही यंत्रं बाळगणं बेकायदा आहे, एअरपोर्टवर अडकलेली माणसं आहेत. म्हणजे वर असताना मदतीचा निरोप एखादा पोर्टर पायी पळत खाली जाऊन देणार, हे गृहीत धरूनच निघायचं.

आणि घरी एक कागद ठेवा. त्यावर रोजचा प्लॅन, टीममधल्या सगळ्यांची नावं, एजन्सीचा नंबर, आणि खाली ठळक एक तारीख आणि वेळ, की यावेळेपर्यंत माझा फोन आला नाही तर शोधाशोध सुरू करायची. माझा कागद बहिणीकडे असतो. तारीख ठरवताना दोन दिवस जास्तीचे धरा, नाहीतर हवामानाने एक दिवस अडकलात की खाली उगाच धावपळ.

सामान

पूर्ण यादी टाकत नाही, कुठेही मिळेल. ज्यात चुका होतात तेवढंच सांगते.

बूट डबल लेयरचे, आतला लायनर सुटा निघणारा. रात्री लायनर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, बाहेर राहिला तर पहाटे लाकूड होतो आणि पाय आत जात नाही. क्रॅम्पॉन घरीच त्याच बुटावर बसवून बघा, बूट हलवला तरी पडता कामा नये. भाड्याने घेत असाल तर वरती जाऊन ट्राय करू असं चालत नाही. निघायच्या तीन-चार दिवस आधी पायाची नखं कापा, खोल नाही पण सरळ, कारण उतरताना बोटं पुढे आदळतात आणि तीन दिवसांच्या उतरणीत नख काळं पडून निघतं.

ग्लव्ह्ज तीन थरांचे, आणि सगळ्यात बाहेरच्या जाड मिटनला (चारही बोटं एकत्र राहणाऱ्या ग्लव्हला) मनगटात अडकवायची इलॅस्टिक दोरी शिवून घ्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय. समिटच्या उतारावर आमच्यातल्या एकाने जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) नीट करायला मिटन काढून दाताखाली धरला, वाऱ्याचा एक झोत आला आणि मिटन उडाला, सगळे बघत राहिलो, लाल रंगाचा तो ठिपका उतारावरून घरंगळत खाली बर्फाच्या भेगेत गेला. गाईडकडे एक्स्ट्रा जोडी होती म्हणून त्याची बोटं वाचली. तेव्हापासून एक जाड जोडी मी सॅकमध्ये जास्तीची ठेवतेच.

गॉगल कॅटेगरी चारचा आणि बाजूने बंद. ढगाळ असलं तरी ग्लेशियरवर (हिमनदीवर) काढायचा नाही, स्नो ब्लाइंडनेस त्या क्षणी कळत नाही, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं तेव्हा कळतं. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीच्या खाली पण लावा, ऊन बर्फावरून खालून येतं. हेडलॅम्पच्या जास्तीच्या बॅटऱ्या अंगाशी, फोन पण अंगाशी, थंडीत चार्ज भसकन उतरतो.

सांकरीपासून बेस कॅम्पपर्यंत

डेहराडूनहून पुरोला, मोरी, नैटवाड करत सांकरीला पूर्ण दिवस जातो. नैटवाडला रुपिन आणि सुपिन मिळून टोन्स होते, पुलावर थांबून बघण्यासारखं आहे. सांकरी साधारण १९५० मीटरवर. तिथून जीपने तालुका, मग चाल, गंगाड, सीमा-ओसला, देवसू बुग्याळ (डोंगरावरचं कुरण), रुइनसारा तलाव (३५०० मीटरच्या आसपास), पुढे क्यारकोटीला बेस कॅम्प. सीझन मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. पावसाळ्याआधी बर्फ जास्त, भेगा झाकलेल्या. पावसाळ्यानंतर आकाश स्वच्छ, भेगा उघड्या, पण बर्फ कडक आणि थंडी जास्त. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मेअखेर-जून सांगेन. देहराडून ते देहराडून पंधरा दिवस तरी काढा, त्यात दोन राखीव, बारा दिवसात करून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका, कारण ते वाचवलेले दिवस तुमच्या शरीराच्या खिशातून काढलेले असतात.

पोर्टर आणि गाईड त्याच खोऱ्यातल्या गावांमधले असतील असं बघा. त्यांचे बूट, गॉगल, स्लीपिंग बॅग, इन्शुरन्स आहे का हे निघायच्या आधी विचारा, लाजू नका. संकटात खाली पळणारा माणूस तोच असणार आहे, त्याच्या पायात फाटके बूट असतील तर तुमचा हिशोब तिथंच चुकला.

उंची, इथे थांबून वाचा

५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही जवळपास निम्माच. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याच्या वेगाने, तुमच्या सुट्टीच्या वेगाने नाही. नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा वर जाऊन सामान टाकून यायचं, झोपायला खाली. बेस कॅम्पच्या वर हे लोड फेरीचे दिवस असतात, लोकांना वाटतं एकच वाट दोनदा का तुडवायची, पण त्या फेरीतच शरीराला उंचीची सवय होते.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप नीट न लागणं ही सुरुवात. याला लपवायचं नाही. टीममध्ये पहिल्याच दिवशी ठरवा की रोज संध्याकाळी प्रत्येकजण स्वतःबद्दल खरं सांगणार. डोकं दुखतंय तोवर वर जायचं नाही, तिथंच थांबायचं, दुसऱ्या दिवशी बरं नसेल तर खाली. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी बरेच जण घेतात, प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं देतात, पण सल्फाची ॲलर्जी वगैरे बघायला लागते त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच, आणि गोळी घेतली म्हणून वेग वाढवायचा नाही.

दोन गोष्टी मात्र थांबून बघण्याच्या नाहीत. बसल्याबसल्या धाप लागते, खोकला येतो, छातीत घरघर, ओठ निळसर, म्हणजे फुप्फुसात पाणी. माणूस असंबद्ध बोलतो, विसरतो, दारू प्यायल्यासारखा चालतो, म्हणजे मेंदूला सूज. दोन्हीत लगेच खाली, रात्र असली तरी, पाऊस असला तरी.

माझी पहिली खेप इथेच संपली. ॲडव्हान्स बेस कॅम्पला, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या मुक्कामाला, संध्याकाळी जेवताना आमचा एक मित्र गप्प होता. एरवी सगळ्यात जास्त बडबड त्याची. मी त्याला म्हटलं बुटाची लेस बांध रे, सुटलीये. तो खाली वाकला, लेस हातात धरली आणि बघत राहिला. बांधायची कशी हे त्याला आठवेना. आम्ही त्याला सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगितलं, तिसऱ्या पावलाला तो बाजूला गेला. वीस मिनिटात निघालो, गाईड, मी आणि एक पोर्टर, हेडलॅम्पच्या उजेडात मोरेनच्या (हिमनदीने आणून टाकलेल्या) दगडांमधून, त्याला मधे रोपला घेऊन. बेस कॅम्पलाही थांबलो नाही, रुइनसाराच्या जवळ पोचेपर्यंत उजाडलं होतं. सकाळी त्याने स्वतःहून विचारलं की नाश्त्याला काय आहे, आणि मला रडू आलं. तिथून वर परत जायचा प्रश्नच नव्हता. हे जमलं कारण खाली जायची वाट दिवसा दोनदा तुडवलेली होती आणि कुणाला कुणासोबत पाठवायचं हे आधीच ठरलेलं होतं.

कॅम्पमधलं पाणी आणि जेवण

वरच्या कॅम्पला निम्मा दिवस बर्फ वितळवण्यात जातो. भांड्यात नुसता बर्फ टाकून आच लावली तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो, म्हणून तळाला कपभर पाणी ठेवूनच बर्फ घालायचा, हळूहळू. एक लिटर पाण्याला केवढा ढीग बर्फ लागतो हे पहिल्यांदा बघून धक्का बसतो. ५५०० मीटरवर पाणी ८२ अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजतच नाही, कुकर तरी हवा नाहीतर नूडल्स-सूप-दलियासारखं पटकन होणारं. दिवसाला तीन-चार लिटर प्या. गॅस मोजताना दोन राखीव दिवसांचा धराच, वादळात अडकलात तर अन्न कमी पडून नाही, पाणी करायला गॅस नाही म्हणून हाल होतात.

ग्लेशियर आणि रोप

कॅम्प वनच्या वाटेवर भेगा आहेत, तिथून पुढे रोपशिवाय एक पाऊल नाही. तीन-चार जण एका रोपला, मधलं अंतर दहा मीटरच्या आसपास, आणि रोप बर्फावर हलका टेकेल इतकाच सैल. नवखे लोक हातात रोपची वेटोळी धरून चालतात, ते अजिबात करू नका, पुढचा भेगेत गेला तर त्या वेटोळ्यांएवढा जास्तीचा पडतो आणि झटका तुम्हाला पण ओढतो. फोटोला थांबायचं तर ओरडून सांगा, सगळे थांबतील. पुढच्याच्या पावलात पाऊल.

भेगांवरचे बर्फाचे पूल पहाटे गोठलेले असतात, ऊन चढलं की मऊ होतात. समिटला रात्री एक-दोनला निघतात ते यासाठी. ताजा बर्फ पडला असेल तर तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाची भीती सगळ्यात जास्त, अशा वेळी तंबूत एक-दोन दिवस बसून राहायचं, राखीव दिवस त्यासाठीच आहेत.

समिटचा दिवस

समिट कॅम्पला झोप लागत नाही, लागली नाही तरी घाबरू नका, पडून राहिलं तरी पाय विश्रांती घेतात. मध्यरात्री उठून तयार व्हायला दीड तास धरा, सगळ्या गोष्टी तिप्पट वेळ घेतात. हार्नेसचं (कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचं) बकल दुसऱ्याने तपासायचं, तुम्ही त्याचं.

वेग इतका कमी ठेवा की एक पाऊल, एक पूर्ण श्वास, मग दुसरं पाऊल. शेवटचा उतार तीव्र आहे, गाईड फिक्स रोप (उतारावर पक्का बांधलेला दोर) लावतात, तिथे जुमार आणि त्याच्या जोडीला सेफ्टीचा कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी). अँकरवर, म्हणजे दोर जिथे पक्का अडकवलेला असतो तिथे, रोप बदलताना आधी सेफ्टी पलीकडे लावायची, मग जुमार काढायचा, एक क्षण पण दोन्ही सुटलेले नकोत. हे जाड ग्लव्ह्ज घालून, डोळे मिटून जमेपर्यंत घरी खिडकीच्या ग्रिलला दोरी बांधून करा. मी महिनाभर केलंय.

परत फिरायची वेळ आदल्या दिवशी जेवताना ठरवायची, सगळ्यांसमोर, घड्याळाची वेळ. आमची सकाळी दहाची होती. दहा वाजता जिथे असू तिथून खाली, शिखर पन्नास मीटरवर असलं तरी. वरती गेल्यावर डोकं नीट चालत नाही, अजून थोडंच राहिलंय असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून हा निर्णय खालच्या डोक्याने आधीच घेऊन ठेवायचा. पाण्याची एक बाटली आणि थोडं खाणं उतरण्यासाठी शिल्लक ठेवा. टॉपवर पोचलात तर पंधरा-वीस मिनिटं, फोटो, आणि निघा. दुसऱ्या वेळी आम्ही नऊच्या आधी वर होतो, आणि मी बंदरपूंछकडे बघत असतानाच गाईडदादा म्हणाले ताई, बर्फ मऊ व्हायला लागलाय, चला.

उतरताना

फिक्स रोपवर उतरताना घाई होते कारण सगळ्यांना तंबू दिसत असतो. क्रॅम्पॉनचे सगळे काटे एकदम टेकवत, गुडघे थोडे वाकवून, पाय फाकवून चाला. तळाला बर्फाचा गोळा चिकटला तर ॲक्सच्या दांड्याने ठोकून पाडा, दर चार पावलांनी लागलं तरी पाडा. रोपला सगळ्यात अनुभवी माणूस वरच्या टोकाला.

शक्य असेल तर त्याच दिवशी समिट कॅम्प उचलून खालच्या कॅम्पला या, रात्रीची झोप आणि भूक दोन्ही परत येतात. तंबूमागचा कचरा, गॅसचे रिकामे डबे, सगळं खाली आणायचं, चढताना भरून नेलेली सॅक रिकामी झालेलीच असते. मग क्यारकोटी, रुइनसारा, सीमा, तालुका. पाय दुखतील, नखं दुखतील.

सांकरीला पोचल्यावर लोक आधी आंघोळ आणि जेवण बघतात. त्याआधी जिथे रेंज किंवा लँडलाईन मिळेल तिथून, ज्याच्याकडे तुमचा कागद आहे त्याला फोन करा, आणि टीममधले सगळे उतरले हे नावं घेऊन सांगा. माझी बहीण एकेक नाव कागदावर टिक करते, शेवटचं नाव झालं की म्हणते, हं, आता जेव.